खासगी आणि गुप्त

मुंबईच्या लोकलने ज्यांनी कधी प्रवास केला आहे, त्यांना रुळांलगतच्या भिंती आठवत असतील. कोचिंग क्लास, मूळव्याध, दारू सोडवा, आणि त्यांच्या शेजारी ठसठशीत अक्षरांत ‘गुप्तरोग’. शाळकरी वयात हा शब्द वाचता यायचा, पण त्याचा अर्थ घरात कोणाला विचारायची सोय नव्हती. रोग कोणता हे भिंत सांगत नसे. तो गुप्त आहे एवढंच सांगे, आणि धंदा चालायला तेवढं पुरे होतं.

इथे सांता क्लारात भिंती अशा रंगवलेल्या नसतात. तीच जाहिरात इथे फोनवर येते, बहुधा रात्री, बाकीचे झोपल्यावर. शब्द बदलले आहेत. ‘हर्बल’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही’, आणि शेवटी ‘साध्या पाकिटातून घरपोच’. यातलं शेवटचं आश्वासन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गोळी काम करेल की नाही हा नंतरचा प्रश्न. आत काय आहे हे टपालवाल्याला, शेजाऱ्याला आणि बायकोला कळणार नाही, याची हमी आधी दिली जाते. विकली जाते ती मुख्यतः ही हमी.

विषय पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येण्याचा, किंवा आलेली न टिकण्याचा आहे. वैद्यकात याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात. मराठीत यासाठी ‘नपुंसकत्व’ हा जुना शब्द आहे, पण तो आजाराचं नाव कमी आणि माणसावरचा शेरा जास्त आहे, म्हणून मी तो वापरणार नाही. ही तक्रार किती सर्रास असते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९९४ साली बॉस्टन परिसरातल्या चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण होती. म्हणजे मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला उभ्या असलेल्या त्या वयाच्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना ती असणार, आणि प्रत्येकाला वाटत असणार की हे फक्त आपल्यालाच झालं आहे.

माझा प्रश्न नैतिक आहे. स्वतःच्या शरीराबद्दल कोणालाही काही न सांगण्याचा माणसाला हक्क आहे का? असेल, तर त्या न सांगण्यातून जे नुकसान होतं त्याची जबाबदारी कोणाची? विकणाऱ्याची, घेणाऱ्याची, की आणखी कोणाची? याचं उत्तर शोधण्याआधी पाकिटात नेमकं काय येतं ते पाहायला हवं. मी रसायनशास्त्रातला माणूस आहे. एखाद्या नमुन्यात कोणते रेणू आहेत आणि किती, हे शोधण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे माझी सुरुवात तिथूनच होते.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने ‘आहारपूरक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांना औषधांसारखी आगाऊ मंजुरी लागत नाही. सरकारी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, माल बाजारात आल्यावर तपासतं. या तपासण्यांतून काय निघालं, याचा हिशोब कॅलिफोर्नियाच्याच सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या संशोधकांनी २०१८ साली मांडला. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत एफडीएला ७७६ आहारपूरक उत्पादनांत लेबलवर न लिहिलेली औषधं सापडली होती. त्यातली ३५३, म्हणजे सुमारे ४५ टक्के, लैंगिक शक्ती वाढवण्यासाठी विकली जात होती. वजन कमी करण्याची उत्पादनं दुसऱ्या क्रमांकावर होती. आणि या ७७६ पैकी निम्म्याहून कमी उत्पादनं बाजारातून परत मागवल्याचं जाहीर झालं.

‘नैसर्गिक’ गोळीत सापडलेलं औषध बहुतेक वेळा सिल्डेनाफिल किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो. सिल्डेनाफिल म्हणजेच व्हायग्रातलं औषध. त्याला एफडीएची मान्यता २७ मार्च १९९८ रोजी मिळाली. त्यामुळे ‘हर्बल’ गोळीने गुण येतो हे खोटं नाही. गुण येतो तो जडीबुटीचा नसतो, एवढंच. भाऊबंदांची गोष्ट आणखी वाईट आहे. मूळ रेणूत एखादा लहानसा बदल केला की नेहमीच्या चाचणीला तो ओळखू येत नाही. होमोसिल्डेनाफिल हे अशा एका रेणूचं नाव. मूळ औषधाच्या माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या आहेत, या सावत्र भावंडांच्या झालेल्या नाहीत. शिवाय एका गोळीत किती मिलिग्रॅम जाईल यावर कोणाचा धाक नसतो. एकाच डबीतल्या दोन गोळ्या सारख्या असतीलच असं नाही.

कधी कधी तर भलतंच औषध निघतं. २००८ साली सिंगापूरमध्ये जानेवारी ते मे या काळात, मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्यामुळे सरकारी रुग्णालयांत दाखल झाले. शोध घेतल्यावर धागा लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांपर्यंत पोचला. त्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध मिसळलेलं होतं. आपल्याकडच्या अनेक घरांत ते ‘डाओनिल’ या नावाने माहीत आहे. सात जण कोमात गेले, त्यांतले चार दगावले. हे लोक वेडे नव्हते. ज्याबद्दल कोणाला विचारता येत नाही, अशा अडचणीवर त्यांनी उपाय शोधला होता.

‘आम्ही असलं काही घेत नाही, आमचा विश्वास आयुर्वेदावर’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती भारतात बनली होती की अमेरिकेत, याने फारसा फरक पडला नाही. यात आयुर्वेदाचा अपमान नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे. म्हणजे या तक्रारीला वैद्यकात उघड आणि मानाची जागा देणारी ती परंपरा आहे. त्या परंपरेत वैद्य समोर बसून नाडी पाहतो, खाणं-झोप विचारतो. अनोळखी संकेतस्थळ यातलं काहीच विचारत नाही. त्या परंपरेचं नाव तेवढं ते वापरतं.

आता धोका कुठे आहे ते पाहू. आपल्याकडे हृदयविकार असलेल्या माणसाच्या खिशात एक छोटी गोळी असते. छातीत कळ आली की ती जिभेखाली ठेवायची. सॉर्बिट्रेट हे नाव मराठी घरांना नवीन नाही. ही नायट्रेट जातीची औषधं शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. त्यासाठी पेशींत एक निरोप्या रेणू तयार होतो. सिल्डेनाफिल नेमकं त्याच निरोप्याचं विघटन थांबवतं. एकाने नळ पूर्ण सोडावा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावावा, तसं हे आहे. एकेकटं औषध ठीक. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस जागेवर जाईल. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या काही औषधांबरोबरही रक्तदाब असाच उतरू शकतो. डॉक्टरने लिहून दिलेल्या व्हायग्राच्या बाबतीत हा धोका टळतो, कारण चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टर विचारतो की तुम्ही आणखी काय घेता. ‘हर्बल’ म्हणून घेतलेल्या गोळीच्या बाबतीत स्वतः घेणाऱ्यालाच ठाऊक नसतं की आपण सिल्डेनाफिल घेतलं आहे.

आणि इथे लाज रुग्णवाहिकेत चढते. समजा रात्री छातीत दुखायला लागलं. ९११ ला फोन झाला. आलेले लोक विचारतात, ताठरतेसाठी काही गोळी घेतली आहे का? हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. सिल्डेनाफिल घेतल्यापासून चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तास नायट्रेट द्यायचं नसतं. खोलीत बायको उभी आहे, दारात मुलगी आहे. माणूस म्हणतो, नाही. तो खोटारडा नसतो. आयुष्यभर ज्या प्रश्नाला ‘नाही’ हेच एक उत्तर शिकवलं गेलं, त्याला तो तेच उत्तर देतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिलं उत्तर सरळ आहे : माझं शरीर, माझा पैसा, माझा निर्णय. या उत्तराबद्दल मला आदर आहे. प्रौढ माणसाने स्वतःच्या जोखमीवर सिगारेट ओढावी, डोंगर चढावा, मोटरसायकल चालवावी, आणि यात दुसऱ्याने फार नाक खुपसू नये, हे मला मान्य आहे. पण निर्णय हा शब्द वापरायचा तर निर्णय कशाबद्दल आहे हे माहीत असायला हवं. सिगारेटच्या पाकिटात तंबाखू आहे हे ओढणाऱ्याला ठाऊक असतं. अश्वगंधेचं चित्र असलेल्या डबीत कारखान्यात बनवलेलं औषध आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याने अश्वगंधा घ्यायचं ठरवलं होतं. औषध घ्यायचं दुसऱ्याच कोणीतरी त्याच्यासाठी ठरवलं. म्हणून स्वातंत्र्याच्या नावाने या धंद्याची बाजू घेता येत नाही. स्वातंत्र्यावरचा पहिला घाला हा धंदाच घालतो.

दुसरं उत्तर आपल्यातल्या शिकलेल्यांचं आवडतं आहे : असल्या जाहिरातींना भुलतात ते अडाणी, आपला काय संबंध? या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे उत्तर शोभत नाही. इथे माणसं नवा फोन घेण्याआधी दहा परीक्षणं वाचतात, मुलाचं प्रीस्कूल निवडताना तक्ते बनवतात. त्यांतलाच एखादा रात्री दीड वाजता अनोळखी संकेतस्थळावर कार्डाचा नंबर टाकतो. त्याची अक्कल कमी झालेली नसते. बाकी सगळ्या बाबतींत तो चार लोकांना विचारतो, इथे मात्र कोणालाच विचारू शकत नाही. शहाणपण बरंचसं विचारपूस करण्यात असतं. विचारपुशीची वाट बंद केली की पीएचडीवाला आणि अंगठाछाप एकाच रांगेत येतात.

ही वाट कोणी बंद केली? महाराष्ट्राच्या इतिहासात याचं एक स्वच्छ उत्तर आहे. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. या मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता, त्या काळी उपलब्ध असलेल्या शास्त्राच्या आधारे उत्तरं देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ चित्रपटामुळे आपल्या पिढीला कर्वे थोडे तरी माहीत झाले.

मला या खटल्यात एक गोष्ट खटकते. शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली. नाव-गाव छापून, शास्त्राच्या आधारे, किरकोळ वर्गणीत जो माणूस लोकांच्या शंका सोडवत होता, तो कोर्टात उभा राहिला. भिंतीवर ‘गुप्तरोग’ लिहिणाऱ्यांचा धंदा मात्र पुढची कित्येक दशकं चालू राहिला. स्वतंत्र भारताने १९५४ साली औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात त्याने गुन्हा ठरवली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा आजही लागू आहे, आणि आपण सगळ्यांनी त्या भिंती पाहिलेल्या आहेत. कायद्याने जाहिरात बंद करता येते, पण ज्या गरजेवर जाहिरात जगते ती बंद करता येत नाही. ती गरज म्हणजे कोणालातरी विचारता येणं. कर्व्यांसारखी माणसं ती भागवत होती आणि त्यांनाच समाजाने गप्प करायचा प्रयत्न केला. जी जागा रिकामी राहिली, तिथे विक्रेता येऊन बसला. विक्रेत्याचा गुन्हा याने कमी होत नाही. पण त्याला दुकानासाठी जागा आपण दिली, एवढी आपली भागीदारी मान्य करावी लागते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. सगळं उघड बोललंच पाहिजे हा आजकालचा आग्रहही जाचक नाही का? मराठी घरांत एक मर्यादा असते. वडील-मुलगा, सासू-सून, दीर-भावजय यांच्यात काही विषय निघत नाहीत, आणि त्या न निघण्यामुळे एका छपराखाली राहणं सुसह्य होतं. माणसाने आपल्या शयनगृहातली अडचण पॉटलकला जमलेल्या वीस लोकांना सांगितली तर जगाचं काही भलं होणार नाही. हा आक्षेप मला बव्हंशी पटतो. म्हणूनच मी दोन शब्दांत फरक करतो : खासगी आणि गुप्त.

खासगी गोष्ट म्हणजे जी योग्य माणसालाच सांगायची. गुप्त गोष्ट म्हणजे जी कोणालाच सांगायची नाही. आपला पगार खासगी असतो, पण तो आपल्या कर सल्लागाराला माहीत असतो. मृत्युपत्र खासगी असतं, पण त्यावर दोन साक्षीदार सही करतात. खासगीपणाला एखादा विश्वासाचा माणूस लागतोच. गुप्ततेत माणूस पूर्ण एकटा असतो, आणि एकट्याला गाठणं विक्रेत्याला सोपं जातं. डॉक्टर-रुग्ण नात्यातली गोपनीयता ही खासगीपणासाठीच बनवलेली जुनी व्यवस्था आहे. ती मोडून बोला असं मी म्हणत नाही. तिचा उपयोग करा, एवढंच म्हणतो. मर्यादा आणि उपचार यांत निवड करायची वेळ येतच नाही.

गुप्ततेची आणखी एक किंमत आहे, आणि ती आपल्या लोकांना जरा जास्तच पडते. लिंगाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या सुमारे एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन ते चार. धमन्या आतून खराब व्हायला लागल्या की अरुंद वाटेवर अडथळा आधी जाणवतो. म्हणून अनेकांच्या बाबतीत ताठरतेची तक्रार ही हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली नोटीस असते. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार लवकर येतो हे आता नीट नोंदलं गेलं आहे. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून धरला आहे. ‘मसाला’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास २०१० साली ९०६ दक्षिण आशियाई लोकांपासून सुरू झाला, आणि त्याचं एक केंद्र इथे जवळच, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात आहे. आपल्याच काउंटीत, माउंटन व्ह्यूच्या एल कॅमिनो हॉस्पिटलमध्ये २००६ पासून साउथ एशियन हार्ट सेंटर चालतं. म्हणजे आपल्या हृदयाची काळजी घेणारे लोक वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. चोरून घेतलेली गोळी नेमकी ही नोटीस फाडून टाकते. तक्रार तात्पुरती मिटते, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचं कारणही मिटतं. गोळीत भेसळ नसली तरीही हे नुकसान होतंच.

मग करायचं काय? सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरला एका वाक्यात सांगायचं : मला ताठरतेचा त्रास आहे. पुढचं बोलणं डॉक्टर करतो, हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तो रक्तदाब, साखर, चरबी आणि गरज वाटली तर सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन तपासेल. तुम्ही घेता त्या औषधांची यादी पाहील, कारण रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधंच कधी कधी या त्रासामागे असतात. यादी देताना ‘हर्बल’ गोळ्याही सांगायच्या. ताण, झोप, दारू, नवरा-बायकोतला दुरावा हीही कारणं असतात, आणि त्यांवर समुपदेशन हा खराखुरा उपचार आहे. इटलीत स्थूल असलेल्या ११० पुरुषांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन मिळालेल्या ५५ जणांपैकी १७ जणांची क्षमता पूर्ववत झाली. फक्त जुजबी माहिती मिळालेल्या ५५ पैकी तिघांची. चालायला जाणं गोळीइतकं झटपट नाही, पण ते हृदयालाही उपयोगी पडतं. आणि गोळी लागलीच, तर ती डॉक्टरला विचारून घ्यावी. गोळ्यांनी भागलं नाही तर पंप आणि इंजेक्शनं हे पर्यायही आहेत.

पैशांची अडचण खरी आहे. विमा नसलेला माणूस, विद्यार्थी, पाहुणे म्हणून आलेले आईवडील यांना अमेरिकेतला दवाखाना परवडत नाही, आणि ‘इथे खर्च, तिथे स्वस्त’ हा विचार स्वाभाविक आहे. पण २०१७ च्या डिसेंबरपासून इथे सिल्डेनाफिलची जेनेरिक गोळी मिळते आणि किंमत पूर्वीच्या मानाने पार खाली आली आहे. उत्पन्नाप्रमाणे फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत. ऑनलाइन डॉक्टरही चालेल, पण तो परवानाधारक हवा आणि त्याने तुमचा पूर्वेतिहास विचारायला हवा. ऑनलाइन औषधविक्रेत्याबद्दल तीन गोष्टी पाहायच्या. तो चिठ्ठी मागतो का? त्याचा अमेरिकेतला पत्ता आणि प्रश्न विचारता येईल असा फार्मासिस्ट आहे का? आणि राज्याच्या फार्मसी बोर्डाच्या यादीत त्याचा परवाना दिसतो का? कॅलिफोर्नियाच्या बोर्डाची ही यादी कोणालाही घरबसल्या पाहता येते. जो चिठ्ठी मागत नाही, तो तुमची सोय पाहत नसतो. आणि घरी कागद येतील ही भीती असेल, तर या राज्याच्या कायद्यानुसार लैंगिक आरोग्यासारख्या संवेदनशील सेवांची पत्रं विमा कंपनीने थेट त्या व्यक्तीलाच पाठवायची असतात, विमा दुसऱ्याच्या नावे असला तरी.

हे झालं ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी. पण जागा आपण सगळ्यांनी दिली असेल, तर काम सगळ्यांना आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मर्दानगी’चे विनोद पाठवताना गटातल्या कोणाला ते लागत असतील, एवढा विचार करता येईल. पंचविशी-तिशीतल्या मित्राने अडखळत काही सांगितलं, तर हसण्याऐवजी ‘डॉक्टरला दाखवलंस का?’ एवढं विचारता येईल. हे वाक्य आपण पाठदुखीसाठी सहज वापरतो. बायकांनाही यात जागा आहे. ज्या नवऱ्याला घरात कमीपणा वाटत नाही, त्याला गुप्ततेची गरज कमी पडते. अर्थात याचा सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. कित्येक वर्षं तिला हा दुरावा आपल्यातली उणीव वाटत आलेला असतो, आणि कारण कळण्याचा हक्क तिला आहेच.

आणि एक काम खास आपलं, परदेशात राहणाऱ्या मुलामुलींचं आहे. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. बाबांना रक्तदाब आहे, खिशात जिभेखालची गोळी आहे. डॉक्टरकडे जाताना आपण बरोबर जातो, कारण बाबांना इथलं इंग्रजी पटकन कळत नाही. खोलीत आपण खुर्ची ओढून मध्ये बसतो आणि दोन्हीकडचं भाषांतर करतो. आपल्या मते ही सेवा असते. पण एकाहत्तर वर्षांचे बाबा मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडून डॉक्टरला हा त्रास सांगतील, असं वाटतं का? ते पायाच्या सुजेबद्दल बोलतील, झोपेबद्दल बोलतील आणि घरी येतील. मग कोणाच्यातरी ओळखीने आलेल्या, नाव नसलेल्या डबीतली गोळी घेतील. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी मोफत दुभाषा द्यावा लागतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ तसं सांगतात. बहुतेक वेळा तो दुभाषा फोनवर असतो, चेहरा नसलेला, आपल्या नात्यागोत्यातला नसलेला. बाबांना तोच सोपा जातो.

तेव्हा भेटीची वेळ घेताना मराठी दुभाषा हवा म्हणून सांगून ठेवा. आत गेल्यावर बाबांची औषधांची यादी डॉक्टरच्या हातात द्या. मग ‘बाबा, मी बाहेर बसतो, तुम्ही निवांत बोला’ म्हणा, आणि दार ओढून घ्या.